चारचा तास

प्रोफेसरांची पानं आणायला मी स्वतः गेले होते. चारशे बारा पानं, सगळी हातानं लिहिलेली, दोन खाकी पुठ्ठ्यांमध्ये सुतळीनं बांधलेली. विषय मुंग्या. हा माणूस चाळीस वर्षं मुंग्यांच्या मागे वाकून फिरला होता आणि आता पाठीपाठोपाठ डोळेही चालले होते.

"महिनाअखेरीला ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "डॉक्टर खात्री देत नाहीत. त्याआधी एकदा माझं पुस्तक मोठ्या छापील अक्षरांत वाचून घ्यायचंय. जमेल?"

"वीस दिवस पुरेत," मी म्हटलं.

हा शब्द मी उगाच दिला नव्हता. छत्तीस वर्षं मी टायपिंगचा क्लास चालवला आहे. एका खोलीत चौदा मशिनं, आणि जिन्यातच कानावर यायचा तो आवाज, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. माझ्या हाताखालून गेलेली पोरं कचेऱ्यांमधून साहेब होऊन निवृत्त झाली, पण अजून रस्त्यात भेटली की पाठ ताठ करतात. क्लासात माझे नियम दोनच. बोटांकडे बघायचं नाही, आणि धडा पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. मग कोणाला शिंक येवो की कोणाच्या घरी पाहुणे येवोत.

काम घ्यायला दुसरंही एक कारण होतं. माझा मुलगा. तो लांबच्या शहरात असतो, आणि वन्सं गेल्यापासून रोज संध्याकाळी फोनवर एकच पाढा म्हणायचा. "आई, आता एकटी राहू नकोस. घर बंद कर आणि इकडे ये." तीन महिने हे ऐकल्यावर मी त्याला म्हटलं, "एवढं चारशे पानांचं काम मी एकटीनं, वेळेत पुरं करून दाखवते. झालं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही झालं, तर तू म्हणशील तिथे येऊन राहीन." तो हो म्हणाला. मी हरणार अशी त्याची खात्री असावी.

वन्संबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. घर त्यांचं माहेर आणि माझं सासर. यजमान गेल्यावर चौदा वर्षं आम्ही दोघीच त्या घरात राहिलो. आमचं सख्य होतं असं कोणी म्हणणार नाही. एका खिडकीत दोन मांजरं बसावीत तशा आम्ही राहायचो, एकमेकींकडे पाठ करून, पण एकमेकींच्या उबेत.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. ज्या आवाजानं सगळ्या शहराचे फोन जोडले, त्या आवाजातून नुसता घोगरा हुंकार उरला. मुलानं आत्यासाठी कॉम्प्युटर आणून दिला आणि मी त्यांना डाव्या हातानं टायपिंग शिकवायला घेतलं. रोज चार ते पाच.

कॉम्प्युटरमध्ये अशा माणसांसाठी सोयी असतात. एका हातानं दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत, म्हणून स्टिकी कीज. शिफ्ट एकदा दाबलं की ते पुढच्या अक्षरापर्यंत धरून ठेवलं जातं. आणि हात थरथरत असेल, भलत्याच बटणाला बोट लागत असेल, तर फिल्टर कीज. बटण ठरावीक वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटतं, ओझरता स्पर्श मोजला जात नाही. बटण दाबलं की 'टक', अक्षर घेतलं की 'टिंग'. हे सगळं मीच चालू करून दिलं होतं. दाबून धरायची वेळ एक सेकंद ठेवली होती.

त्या खुर्चीतच वन्सं गेल्या. चार ते पाचच्या तासात. दिवस झाल्यावर मी त्या सगळ्या सोयी बंद केल्या. माझ्यासारखीला त्या म्हणजे धावणाऱ्याच्या पायात घुंगरू.

कामाचा पहिला दिवस छान गेला. सकाळी नऊला बसले. मुंग्यांच्या राण्या, मुंग्यांचे सैनिक, मुंग्यांचं स्मशान. तुम्हाला माहीत आहे का, मुंग्या आपली मेलेली माणसं वारुळाबाहेर एका ठरावीक जागी नेऊन टाकतात? मला नव्हतं माहीत. वाचत, टाइप करत मी रमून गेले होते. आणि चार वाजता कॉम्प्युटरनं आवाज केला. खालून वर चढत जाणारा, एखाद्यानं प्रश्न विचारावा तसा. टुइं...

पडद्यावर चौकट आली. स्टिकी कीज चालू करायच्या का?

शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की ही चौकट येते. मी शिफ्टला हातही लावला नव्हता. पण म्हटलं, झालं असेल. 'नाही' दाबलं आणि पुढे टाइप करू लागले, तर एकही अक्षर उमटेना. टक, टक, टक, नुसता दाबल्याचा आवाज. फिल्टर कीज चालू झाल्या होत्या. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता. तिसऱ्या दिवशीही.

मुलाला फोन केला. तो कॉम्प्युटरवरच पोट भरतो. त्यानं पायरीपायरीनं सांगितलं, कुठे जायचं, कुठल्या खुणा काढून टाकायच्या. "आता जन्मात पुन्हा चालू होणार नाही," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी चार वाजता, टुइं. काढलेल्या खुणा सगळ्या जागेवर.

"आई," तो फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तूच चालू करत असशील. आणि विसरत असशील."

तो ओरडला असता तर चाललं असतं. त्या मऊपणानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी विसरायला लागले की तुला आधी कळवीन," असं म्हणून फोन ठेवला.

सहाव्या दिवशी बरोबर चारला मी मुद्दामच उठले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. बघू, माझ्याशिवाय काय होतं ते. बाहेर ढगाळ होतं, दुपार असून घरात दिवा लावावा असा उजेड. आधण येत होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

टक.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक... टिंग.

गॅस बंद केला. भांडं ओट्यावर ठेवताना ते वाजू नये म्हणून मी धडपडत होते, आपल्याच घरात. खोलीच्या दाराशी आले तर नीलगिरीच्या तेलाचा वास. वन्संच्या हाताला मी रोज ते चोळायची. बाटली मी त्या गेल्या त्या आठवड्यातच फेकून दिली होती.

खुर्ची रिकामी होती. पडद्यावर मुंग्यांचं वाक्य अर्धवट होतं, आणि त्याच्या पुढे दोन अक्षरं.

उठ

मी घाबरले होते, हे मी नाकारत नाही. पण घाबरलेलं माणूस दोनच गोष्टी करतं, पळतं किंवा चिडतं, आणि पळायची सवय मला नाही. चौदा वर्षं ऐकलं होतं मी. 'ती खुर्ची खिडकीशी नको.' 'तो पडदा बदलू नकोस, आईनं शिवलाय.' आता मेल्यावरही मलाच उठवायचं?

"नाही उठत," मी मोठ्यानं म्हणाले. जाऊन खुर्चीत बसले. सेटिंग बंद केलं, ती दोन अक्षरं खोडली आणि पाच वाजेपर्यंत टाइप करत राहिले.

त्यानंतर रोज हेच. चार वाजता ती चौकट. मी बंद करायचे. कधी बंद करायच्या आधीच 'उठ' उमटायचं, कधी नुसता 'उ'. मी खोडायचे आणि पुढे चालायचे. तुम्ही म्हणाल, त्या तासाला दुसरं काही करावं, फिरायला जावं. पण मी माझ्या घरात कोणाच्या सांगण्यावरून उठणार नव्हते. एकदा उठले असते, तर मग मुलाच्या सांगण्यावरूनही उठावं लागलं असतं. आणि मग कायमचंच.

दहाव्या दिवशी जे झालं त्यानं मात्र माझी झोप उडवली.

मी टाइप करत होते. सवाचार झाले असतील. नजर प्रोफेसरांच्या पानावर, बोटांकडे बघायचं नाही हा नियम मीही पाळते. पण कान चालू असतात. चौदा मशिनं एकदम चालू असताना कुठल्या पोराची करंगळी आळस करतेय हे मला पाठमोरी उभी राहून कळायचं. आणि त्या क्षणी मला कळलं की मी जो आवाज ऐकतेय तो दोन हातांचा नाही.

तो एका हाताचा आवाज होता.

खाली बघितलं. डावा हात कीबोर्डभर फिरत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सराईत. उजवा हात माझ्या मांडीवर पडला होता. तळवा वर, बोटं अर्धी वळलेली. वन्संचा असायचा तसा.

उचलायला गेले, उचलेना. दुखत नव्हता, मुंग्या येत नव्हत्या, काहीच नव्हतं. कोणीतरी आपली वस्तू माझ्या मांडीवर विसरून जावं तसा तो होता. डाव्या हातानं तो उचलला तर गार आणि जड. खुर्चीतून उठून उभी राहिले, तशी हळूहळू बोटांत जान आली.

त्या रात्री मी मुलाला काही सांगितलं नाही. पण आई आणि मुलामध्ये आवाज लपत नाही. शनिवारी दुपारी तो दारात उभा.

"काय झालंय ते सांग," तो म्हणाला. मी सांगितलं. हाताचंही सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मला कळलं, तो भुताला घाबरला नव्हता, माझ्या हाताला घाबरला होता. आत्याचं झालं तसंच आईचं होतंय, असं त्याच्या मनानं घेतलं.

"उद्या डॉक्टर," तो म्हणाला. "आणि हे भुताचं खूळ आधी डोक्यातून काढ. थांब, मीच बसतो चार वाजता. बघ माझ्यासमोर काय होतं ते."

चार वाजता तो खुर्चीत बसला. मी दाराला टेकून उभी. टुइं वाजलं. तो हसला. "हे काय, शॉर्टकट चालूच आहे. तू नीट काढला नव्हतास." आणि तो टाइप करू लागला, काहीतरी, आपलं नाव, पत्ता. मी त्याच्या पाठीकडे बघत होते आणि कान देऊन ऐकत होते.

"बाळा," मी हळूच म्हटलं, "उजवा हात वर घे."

"वरच तर..." तो म्हणाला. आणि थांबला.

त्यानं खाली बघितलं. मग डाव्या हातानं त्यानं आपलं उजवं मनगट धरलं, उचललं, सोडलं. हात पुन्हा मांडीवर पडला. नीलगिरीचा वास इतका दाट झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"आई... हा हात माझा वाटत नाहीये..."

मी त्याला काखेत धरून उभं केलं. तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला आणि बोटं उघडत मिटत राहिला. पाणी दिलं, ते त्यानं दोन्ही हातांनी पेला धरून प्यायलं, लहानपणी प्यायचा तसं. अर्ध्या तासानं म्हणाला, "उद्या संध्याकाळी पाच वाजता आपण निघतोय. तुझी बॅग मी भरतो. कॉम्प्युटर इथेच राहू दे, घराला कुलूप लागू दे, काय वाटेल ते होऊ दे."

"पन्नास पानं राहिलीत," मी म्हटलं.

"मरू देत मुंग्या."

"मुंग्यांचं नाही. तू हरलास की मी हरले, ते अजून ठरायचंय."

रविवारी सकाळपासून त्यानं माझे कपडे बॅगेत घातले. मी अडवलं नाही. पावणेचारला बॅग दाराशी ठेवून तो बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढून बसला.

"चार ते पाच माझा तास आहे," मी म्हटलं. "मध्ये यायचं नाही. पाचला जे व्हायचं ते होईल."

मी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

खुर्चीत बसले आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. टुइं वाजलं. त्या दिवशी मी काहीच बंद केलं नाही. "आज चालू राहू द्या, वन्सं," मी म्हणाले. "काय करायचं ते करा. मी शिकवणारी आहे. तुमच्या अटींवर टाइप करून दाखवते."

आणि सुरुवात केली. प्रत्येक बटण सेकंदभर दाबून, टक, टिंग, टक, टिंग. दोन ओळी झाल्या तोच उजव्या खांद्यापासून गारवा उतरायला लागला. दंडात आला, कोपरात आला, बोटांत आला. हात घसरून मांडीवर पडला. डाव्यानं उचलून पुन्हा जागेवर ठेवला. नव्या पोरांकडून उजव्या हाताचा पहिला धडा घोकून घ्यायचे तसं मोठ्यानं म्हणू लागले, "सेमीकोलन, एल, के, जे. सेमीकोलन, एल, के, जे." बोटं हलली. पुन्हा पडला. पुन्हा उचलला. असं चार वेळा झालं. कपाळावरून घाम कीबोर्डच्या काठावर पडला. मी उचलायची, तो पडायचा, आणि मी पुन्हा म्हणायची, सेमीकोलन, एल, के, जे.

पाचव्या वेळी डावा हात त्या उजव्या हाताखालीच होता. म्हणजे कीबोर्डवर माझं एकही बोट नव्हतं. आणि टक झालं. टिंग. पुन्हा टक. टिंग.

उठ

मी त्या शब्दाकडे बघत राहिले. पहिल्यांदाच, खोडायची घाई न करता. आणि काहीतरी खटकलं. पहिला उ ऱ्हस्व होता.

कोणाला उठायला सांगायचं तर 'ऊठ', दीर्घ. वन्सं रोजचं वर्तमानपत्र लाल पेन्सिल घेऊन वाचायच्या. छापलेल्या बातमीतल्या वेलांट्या सुधारून संपादकाला पोस्टानं पाठवायच्या. झटका आल्यावरही डाव्या हातानं एक काना चुकला तरी खोडून पुन्हा टाइप करायच्या. वन्सं आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणार?

पुढे टक, टक, असं नुसतं वाजत होतं. टिंग होत नव्हतं. बटण दाबलं जात होतं, पण सेकंदभर धरायची ताकद नव्हती. रोज इथपर्यंत आलं की मी सेटिंग बंद करायची. रोज मीच ते वाक्य मध्ये तोडत होते.

डाव्या हातानं सेटिंग उघडलं. दाबून धरायची वेळ सर्वांत कमी केली, ओझरता स्पर्शही मोजला जाईल इतकी. आणि हात बाजूला घेतला.

टिंग. टिंग... टिंग. टिंग.

उठू का बाई

खाली पुन्हा तेच. उठू का बाई. आणि पुन्हा.

आता जे सांगते ते मी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. तासाला वन्सं मला 'बाई' म्हणायच्या, म्हणजे टाइप करायच्या, चिडवायला. वयानं मोठ्या असून मी त्यांना शिकवते म्हणून. कंटाळा आला की पडद्यावर लिहायच्या, 'उठू का बाई', आणि तिरक्या ओठानं हसायच्या. मी म्हणायची, पान पुरं करा, मग. त्या शेवटच्या दिवशी मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. आतून त्यांचा हुंकार आला. एकदा, मग पुन्हा. मी आत गेले नाही. दारातूनच म्हणाले, "वन्सं, नाटकं पुरे. पान झाल्याशिवाय उठायचं नाही." हुंकार थांबला. मला वाटलं, ऐकलं त्यांनी.

आणि त्यांनी खरंच ऐकलं होतं. तीन महिने झाले, अजून ऐकत होत्या.

रडून धडा संपत नाही. ताठ बसले आणि क्लासात म्हणायचे त्या आवाजात म्हणाले, "उठा, वन्सं. पान झालं. चुकलं माझंच, तुमचं काही नाही. उठा आता."

खुर्ची करकरली. कोणी तिच्यातून उठल्यावर करकरते तशी. मी तर बसलेलीच होते. माझ्या उजव्या खांद्यावर एक क्षण भार पडला, आधार घ्यावा तसा, आणि सुटला. फरशीवर एक पाय टेकला, एक पाय घासत ओढला गेला. टेकला, ओढला. लोटलेलं दार हातभर उघडलं.

उजव्या हाताच्या बोटांत एकदम इतक्या मुंग्या आल्या की मी तो झटकला.

बाहेर आले तर मुलगा खुर्ची सोडून खाली भिंतीला टेकून बसला होता. पाय पोटाशी ओढून घेतलेले, चिंचोळ्या जागेतून कोणाला वाट द्यावी तसे.

"असा का बसलायस?" मी विचारलं.

त्यानं स्वतःच्या पायांकडे बघितलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "असं वाटलं की... सरकावं."

पाच वाजले होते. मी बॅग उचलून आत नेली आणि कपडे एकेक करून कपाटात ठेवले. तो दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्यानं माझा एक टॉवेल घडी करून दिला. "गाडी सातची आहे," तो म्हणाला. "माझं एकट्याचं तिकीट ठेवतो."

उरलेली पानं चार दिवसांत संपली. चार वाजता कॉम्प्युटर गप्प असायचा. सुरुवातीला मीच थांबून कान द्यायची, मग तीही सवय मोडली. प्रोफेसरांना छापील पुस्तक ऑपरेशनच्या तीन दिवस आधी दिलं. त्यांनी भिंग लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मला चहा विचारायचं विसरले. मी तशीच आनंदात निघून आले. मुलानं पुन्हा तो विषय काढला नाही. फोन मात्र अजून रोज करतो.

आता दुसरं काम आलंय. एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्यांच्या आठवणी. दोनशे पानं, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दहा दिवसांचा शब्द दिलाय. त्याआधी कॉम्प्युटर साफ करून घ्यावा म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलीला बोलावलं. चुणचुणीत पोर आहे, हाताला वेग आहे. तिनं कीबोर्ड उलटा केला, मग छोट्या पट्टीनं एकेक बटण उचकटून काढू लागली. डावीकडची काढली आणि उजवीकडची काढता काढता थांबली.

"आजी, तुम्ही एकाच हातानं टाइप करता का?"

"दोन्ही हातांनी," मी म्हटलं. "छत्तीस वर्षं."

"नाही, म्हणजे या कीबोर्डवर..." तिनं तो माझ्याकडे वळवला. डाव्या बाजूची बटणं खालून झिजून गुळगुळीत झाली होती. उजव्या बाजूला, मधल्या रेषेपासून टोकापर्यंत, बटणांखाली धुळीचा एक सलग पापुद्रा होता. करडा, मऊ. कुठेही बोटाएवढाही मोडलेला नाही. "ही बटणं तर कधी कोणी दाबलेलीच दिसत नाहीत."

कपाटातून प्रोफेसरांच्या पुस्तकाची माझी प्रत काढली आणि मधलंच एक पान उघडलं. डाव्या हाताची अक्षरं होती. ज्यांच्या बटणांखाली ही धूळ होती, ती उजव्या हाताचीही होती. एकूणएक, जागच्या जागी.

"पुसून टाकू ना?" तिनं विचारलं.

"पूस," मी म्हणाले. "आणि लावून दे. मला चारच्या आत बसायचंय."